सव्वीस पावलं

सोलापूर,
९ जून

सबिहा,

जयभीम. आधी ‘सप्रेम’ लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. या वेळी तो शब्द मुद्दाम गाळला आहे, नजरचुकीने राहिलेला नाही. तुझ्या लक्षात आलं नसेल तर यावं म्हणून सांगितलं.

इकडे सगळे बरे आहोत. आईला दवाखान्यात आता दिवसपाळी लागली आहे, त्यामुळे दुपारी घरात मी आणि पंखा. तुझ्या अम्मीची, रशीदाखालांची, कंबर कशी आहे? बिड्या वळायला बसताना भिंतीला टेकून बसा म्हणावं. मी सांगितलं असं सांगू नकोस, नाहीतर मुद्दाम टेकायच्या नाहीत.

फोन तू उचलत नाहीस आणि माझे मेसेज तुला पोचत नाहीत, म्हणून ही कागदाची वेळ आली. परवा कुंभारीलाही येऊन गेले. खालांनी दारातच सांगितलं, सबिहा बार्शीला मामीकडे गेली आहे. असेल. पण उंबऱ्यापाशी तुझ्या निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या, आणि डावी नेहमीसारखी उलटी पडलेली. बार्शीला तू अनवाणी गेलीस का?

मी संशयी आहे हे तू मैदानभर सांगत फिरायचीस. डब्यातली शेंगापोळी एक कमी निघाली की मी सगळ्यांची तोंडं हुंगते, असं म्हणायचीस. हुंगायचे. पण चोर दर वेळी तूच निघायचीस, हे कुणाला सांगितलं नाहीस.

आता मुद्द्यावर येते. आशियाई स्पर्धेत चार बाय शंभर रिलेच्या अंतिम शर्यतीत आपण दुसऱ्या होतो. तिसरा टप्पा तुझा, चौथा माझा. तीस मीटरच्या पट्ट्यात बॅटन एकीच्या हातून दुसरीच्या हातात गेलं पाहिजे, हे आपण शाळेपासून घोकत आलो. तुझ्या हातातलं बॅटन माझ्या हातात आलं ते पट्टा संपल्यावर, रेषेच्या दीड पाऊल बाहेर. पंचांनी पिवळं निशाण वर केलं. मी धावत जाऊन दुसरी आले, तोवर फळ्यावर आपला संघ बाद झालेला होता. एवढं तुलाही मान्य असेल. पुढचं तू सांगायचं आहेस.

कारण मी माझ्या खुणेवर निघाले. तू माझ्या मागे लावलेली चिकटपट्टी ओलांडलीस त्या क्षणी, तसूभरही आधी नाही. ‘हात’ अशी तुझी हाक आली, मी हात मागे केला, आणि तो रिकामाच राहिला. मग तुझी दुसरी हाक आली, ‘थांब’. शर्यतीत थांब कोण म्हणतं? ज्याला पोचायचं असतं तो पळतो. म्हणून सरळ विचारते, शेवटच्या दहा पावलांत तू पाय आखडता घेतलास का?

विचारायला कारणं आहेत. शर्यतीच्या तासभर आधी अंकिताची मांडी धरली. आठ महिने शिबिरात तिसऱ्या टप्प्याला तीच पळत होती, माझी जोडी तिच्याशी बसली होती आणि तू राखीव होतीस. प्रशिक्षकांनी आपल्याला विचारलं, तुम्ही दोघी एका गावच्या, तुमचं खुणेचं जुनं माप असेलच? दोघींनी माना डोलावल्या. सराव करायला वेळ नव्हता. मैदानात जाताना मी विचारलं, किती? तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, ‘आपलंच माप. सव्वीस.’ मलाही सव्वीसच आठवत होतं. मी माझ्या उभं राहायच्या रेषेपासून मागे टाचेला पंजा लावत सव्वीस पावलं मोजली आणि तिथे चिकटपट्टी लावली. आकड्यात खोट नाही. पण न बघता का म्हणालीस?

आणि तो बूट. वळणाच्या दोन टोकांना आपण उभ्या, मध्ये हिरवळ. तू खाली बसलीस, पायातले स्पाइक्स काढलेस, मग उठून माझ्याकडे बघत एक बूट उंच धरलास आणि हलवलास. एकदा नाही, तीनदा. भरल्या मैदानात तू मला पायताण दाखवलंस. मी तोंड फिरवलं. देशाची शर्यत होती म्हणून गप्प बसले, नाहीतर मलाही पाय आहेत आणि पायात बूट आहेत.

राग कशाचा ते मला ठाऊक आहे. तुझ्या गुडघ्याचं जुनं दुखणं मी प्रशिक्षकांना सांगितलं आणि म्हणून तुला राखीव ठेवलं, असं कुणीतरी तुझ्या कानात भरलंय. ते साफ खोटं आहे. कोण म्हणालं तिचं नाव कळव, मी बघून घेते.

मुद्दाम मंद पळाल्याबद्दल तुला महासंघाकडून चौकशीचं पत्र आल्याचं ऐकलं. तीस जूनपर्यंत तुझं लेखी म्हणणं गेलं नाही तर दोन वर्षं बंदी, आणि क्रीडा कोट्यातून मिळणारी नोकरीही हातची जाणार. ही चौकशी कुणी लावली याची मला कल्पना नाही. पण जे असेल ते कबूल केलंस तर शिक्षा कमी होते म्हणतात. मैत्रीण म्हणून सांगते आहे.

उत्तराची वाट बघणारी,
बुद्धप्रिया

ता. क. पाकीट आधी कुणी उघडलेलं नाही ना, बघून घे. डिंक मी दोनदा लावला आहे. रजिस्टर करताना पोस्टातल्या माणसाने तुझा पत्ता दोनदा वाचला, का कुणास ठाऊक.


सोलापूर,
१७ जून

सबिहा,

जयभीम.

तुझं उत्तर मिळालं, त्याला उत्तर म्हणायचं असेल तर. माझंच पत्र मला परत, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक ओळ: ‘सरांच्या मैदानावर जा, आपली खूण मोज, मग बोल.’ ना सलाम, ना खुशाली. आधी वाटलं, हे अक्षर तुझं नाही, भावाकडून लिहून घेतलंस. सोहेब तुझ्यासाठी काहीही करेल. मग ‘ख’ बघितला. इतका वाकडा ख त्याला जमायचा नाही.

यात काहीतरी डाव आहे. शर्यत झाली परदेशात, आणि मोजायचं सोलापूरच्या मातीत? आपल्याला शाळेपासून पळायला शिकवणाऱ्या श्रीशैल सरांना तू आधीच पढवून ठेवलं असणार. मी गेले की ते मला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणार, तू झाडामागून बाहेर येणार आणि मी रडावं अशी सगळ्यांची अपेक्षा असणार. मी रडणार नाही.

दरम्यान अंकिताने शर्यतीचं चित्रीकरण पाठवलं. मी ते चाळीसेक वेळा तरी पाहिलं. आई म्हणाली, ‘त्या फोनला भोक पडंल आता.’ अंकिताचं म्हणणं, सबिहा कुठेच मंदावलेली दिसत नाही, उलट शेवटी तिची मान ताणलेली दिसते. अंकिता तुझी बाजू का घेते? परतताना बसमध्ये तू तिच्याशेजारी बसली होतीस, तेव्हा काय ठरलं तुमचं? मला तर तुझे खांदे वर गेलेले दिसतात. दमलेल्या माणसाचेही जातात, हे मला माहीत आहे. पण न पळणाऱ्याचेही जातात.

बूट काढल्यावर तू काय करतेस ते कॅमेऱ्यात नीट येत नाही. रेषेपासून मागे अनवाणी चालताना दिसतेस, अगदी सावकाश, मुंगी तुडवायची नाही असा नवस केल्यासारखी. बाकी सगळ्या देशांच्या पोरी उड्या मारून पाय गरम करतायत आणि आमची बाई अनवाणी फिरतेय. नाटकं नुसती.

गुडघ्याबद्दल मागच्या पत्रात लिहिलं होतं त्यात एक दुरुस्ती. प्रशिक्षकांनी मला विचारलं होतं. विचारल्यावर खोटं कसं बोलणार? जुनं दुखणं आहे, थंडीत धरतं, इतकंच मी म्हणाले. याला चुगली म्हणत नाहीत.

आणि चौकशीचं. सगळ्यांकडूनच लेखी मागितलं होतं, मीही दिलं. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहिलं. बूट दाखवल्याचं लिहिलं, कारण तो दाखवला होता. तू कबूल कर किंवा करू नकोस, माझ्या मनाला त्रास नाही.

परवा आईने शेंगाची चटणी कुटली. सवयीने तुझा डबा वेगळा भरून ठेवला. तो तसाच फळीवर आहे. सबी का येत नाही म्हणून विचारते. मी म्हटलं, तिलाच विचार. तर म्हणाली, ‘तुझ्या तोंडाकडं बघून कळतंय की, कुणाला इचारायचं ते.’ आईलाही तुम्ही फितवलंय असं दिसतं. घरात बसूनही मला आता कुणाचा भरवसा उरलेला नाही, आणि याला कारण तू आहेस.

मैदानावर जाईन. पण तुझ्या सांगण्यावरून नाही, माझी बाजू पक्की करायला. माप हातात असलं की तुला नाकारायला जागा राहायची नाही. अजून तेरा दिवस आहेत.

बुद्धप्रिया त्रिंबक सरवदे


सोलापूर,
२४ जून

सबी,

जयभीम. ‘सप्रेम’ आजही लिहिलेलं नाही. पहिल्यांदा रागाने गाळलं होतं. आज तो शब्द लिहायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

रविवारी सकाळी सहाला मैदानावर गेले. सर रोलरवर बसून चहा पीत होते. कशी आहेस, कधी आलीस, काही नाही. ‘माप घ्याया आलीस व्हय,’ एवढंच म्हणाले. म्हणजे तू पढवलंच होतंस, असं मी मनात म्हटलं आणि मला बरं वाटलं, कारण माझा एक तरी संशय खरा निघाला होता.

मी स्पर्धेतलेच स्पाइक्स नेले होते. पुरावा कसा चोख हवा. सरांनी चुन्याने पट्ट्याची रेषा मारून दिली, त्या दोन दगडांच्या मधून, आपली जुनीच. आणि आपली खूण अजून तिथे आहे, सबी. नववीत असताना आपण खिळ्याने ठोकलेलं सोड्याच्या बाटलीचं झाकण. तू दगडाने ठोकत होतीस, मी खिळा धरला होता, आणि दोन घाव खिळ्यावर तर एक माझ्या बोटावर. गंजलंय, पण हललेलं नाही.

बूट घातले, रेषेला टाच लावली आणि मागे मोजत निघाले. सव्वीस झाली. खाली बघितलं तर पायाशी झाकण नाही. झाकण मी ओलांडून आले होते. वाकून वितीने मोजलं, तीन विती.

तुला खरं सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं? सरांनी झाकण उपटून पुढे ठोकलं. ज्या माणसाने आपल्याला पोटच्या पोरींसारखं सांभाळलं, त्याच्या तोंडावर मी हे बोलले. सर रागावले नाहीत, हसलेही नाहीत. चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘बूट काड.’

काढले. पुन्हा रेषेला टाच लावली. माती अजून गार होती. सव्विसाव्या पावलाला माझा अंगठा झाकणाच्या कडेला लागला.

मी तिथेच बसले.

मी कशी विसरले, सबी? आपले बूट कधी आपले नव्हतेच. तुझे सोहेबचे, पुढे चिंध्या कोंबलेले. माझे मामेबहिणीचे, एक नंबर लहान. दर वर्षी बूट बदलायचे आणि दर वर्षी माप चुकायचं, म्हणून सरांनी नियमच केला होता: ‘मापाला बूट नगं. बूट उसना हाय, पाय आपला हाय.’ सहा वर्षं आपण आधी बूट काढून माप घ्यायचो आणि मग बूट घालून पळायचो. शिबिरात मला जन्मात पहिल्यांदा माझ्या पायाचे नवे बूट मिळाले. तिथे सगळ्या पोरी बुटानेच मोजायच्या, मीही तशीच मोजायला लागले. आठ महिन्यांत मला वाटायला लागलं, मी अशीच मोजत आले आहे. आणि त्या दिवशी आपला अनवाणी आकडा घेऊन मी बुटाने मोजला. पावलामागे बोटभर जास्त, असं सव्वीस वेळा.

म्हणजे चिकटपट्टी तीन विती मागे लागली. तू तिच्यावर आलीस तेव्हा तू अजून लांबच होतीस आणि मी निघाले होते. तू जीव तोडून पळालीस तरी कशी पोचणार होतीस? म्हणून ‘थांब’. अंकिता खरं बोलत होती. तुझी मान ताणलेली होती, आता मलाही दिसते.

तुला माझी चूक तिकडून दिसली होती ना? तू तुझं माप बूट काढून घेतलंस, आणि मान वर करून बघतेस तर मी बुटाने मोजतेय. ओरडून ऐकू जाणार नाही एवढा गलका होता. मग दुसरं काय करणार होतीस? बूट वर धरून दाखवलास. काढ, मग मोज. आणि मी तोंड फिरवलं.

का फिरवलं, ते आता लिहिते. हेच लिहायचं नव्हतं म्हणून इतके कागद काळे केले. मैत्रिणीच्या हातात बूट दिसल्यावर कुणाला ती शिवी वाटते? जिला ती मिळायला हवी, तिला. चोराच्या मनात चांदणं. तुझ्या गुडघ्याबद्दल मला कुणीही विचारलं नव्हतं. मी आपणहून प्रशिक्षकांच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि सांगितलं. त्या आठवड्यात चाचणीत तू माझ्यापुढे आली होतीस, आणि शेवटचा टप्पा तुला देणार अशी कुजबुज होती. काळजीच्या सुरात सांगितलं मी. तिच्या भल्यासाठी म्हणते सर, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी यादीत तू राखीव होतीस, आणि त्या रात्री जेवताना तू तुझ्या ताटातला गोडाचा तुकडा माझ्या ताटात टाकलास, कारण मला शेवटचा टप्पा मिळाला होता. मी तो खाल्ला. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक बोलण्यात मी सूड शोधत होते. तू केलाच नाहीस, म्हणून मला तो तयार करावा लागला.

चौकशी माझ्या जबाबावरूनच लागली. ‘जाणूनबुजून’ हा शब्द माझा आहे. कुणी वदवून घेतला नाही.

सरांना विचारलं, तिला कळलं होतं तर तिने सांगितलं का नाही? सर म्हणाले, ‘म्या बी हेच म्हनलो. तर म्हनली, माझं न्हाय ऐकायची ती. बहाना करतीस म्हनंल. तिच्या पायाचं ऐकंल.’ आणि चौकशीला काय उत्तर देणार म्हणून सरांनी विचारलं तर तू म्हणालीस म्हणे, तीस तारखेपर्यंत तिची वाट बघते. इतकी अडून का बसलीस? मी गेलेच नसते तर? तीस तारीख तशीच निघून गेली असती तर? मला तुझा रागही येतोय, आणि तो आणायचं तोंड मला नाही.

काल नवा जबाब लिहिला. माप, बूट, गुडघा, तो शब्द, सगळं लिहिलं. सरांनी समोर माप घेतल्याची सही केली आहे. मूळ प्रत रजिस्टरने गेली, नक्कल या पाकिटात आहे आणि पोस्टाची पावतीही आहे. माझ्यावर विश्वास ठेव म्हणणार नाही. आता संशय घ्यायची पाळी तुझी, म्हणून पावती. तुझं म्हणणं तू अजून पाठवलं नसशील तर त्याला ही नक्कल जोड आणि आजच्या आज पाठव. हट्ट करू नकोस. तुझी नोकरी जाता कामा नये. त्या घराला तिची किती गरज आहे, ते मी खालांच्या बोटांकडे बघून सांगू शकते.

माझं काय होईल ते ठाऊक नाही. खोट्या जबाबाबद्दल बंदी माझ्यावर येईल, असं सर म्हणाले. आईला सगळं सांगितलं. ती उठली. मग फळीवरचा चटणीचा डबा काढून हुंगला, खवट झाली म्हणाली, आणि पुन्हा शेंगा भाजायला घेतल्या. हे पत्र सोहेबच्या हाती देतेय, त्याबरोबर नवा डबा आहे. तो तिने पाठवलाय, मी नाही. निदान त्यावर संशय घेऊ नकोस.

मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं, आणि त्याला तीन पत्रं लागली. तू करशीलच असं मी धरून चाललेले नाही.

रोज सकाळी सहाला मी सरांच्या मैदानावर असते. बूट काढून माप घेते आणि रेषेवर उभी राहते. ज्या दिवशी यावंसं वाटेल त्या दिवशी ये, आजच ये असं नाही. तू झाकण ओलांडलंस तरी मी निघणार नाही. बॅटन तळहाताला टेकेपर्यंत जागची हलणार नाही. अशाने शर्यत हरतात, ते मलाही माहीत आहे.

हात मागे धरून थांबलेली,
बुद्धप्रिया